बदकांसाठी बंदूक

शनिवार, १६ ऑगस्ट

सकाळी लॉन कापलं. दुपारी वरणभात. दोन डुलक्या.

संध्याकाळी कुंपणापाशी शेजारचा वेन्डेल आला. वय एकाहत्तर, रिटायर्ड प्लंबर, बोलणं अगदी मोजकं. लता आजारी होती तो अख्खा हिवाळा आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ त्याने काढला आणि त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. एप्रिलमध्ये ती गेली तेव्हा दारात सूपचं भांडं ठेवून, बेल न वाजवता निघून गेला. भेटायला आलेल्या शंभरेक माणसांत माझ्या मते हा एकटाच पास. बाकीच्यांनी मला सांगितलं की ती आता अधिक चांगल्या जागी आहे. आमच्या ईडन प्रेरी गावापेक्षा चांगली जागा कुठली? शेजारचं श्रीमंत एडायना? तिथली घरं आम्हाला तेव्हाही परवडली नव्हती.

तर वेन्डेल म्हणाला, सत्तावीस सप्टेंबरला बदकांच्या शिकारीचा सीझन उघडतो. त्याचा शिकारीतला जोडीदार अ‍ॅरिझोनाला मुलीकडे कायमचा राहायला गेलाय, बोटीत एक जागा रिकामी आहे. मी म्हटलं, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तो म्हणाला, कळायला फार काही नाही. पहाटे बोट लव्हाळ्यात लपवायची आणि गप्प बसायचं. बोललं की बदकं येत नाहीत.

"किती वेळ?"

"दुपारपर्यंत."

सात तास! सात तास कोणी मला 'कसे आहात' विचारणार नाही, आणि विचारलंच तर नुकसान त्याचं. मी लगेच हो म्हणालो.

ही वही लताच्या शेवटच्या दिवसांत घरी येणाऱ्या हॉस्पिसवाल्यांनी दिलेली. वर फुलपाखरं. प्रत्येक पानावर छापलंय — 'आज मी कशाबद्दल कृतज्ञ आहे?' आज — बदकांच्या तीक्ष्ण कानांबद्दल.

रविवार, १७ ऑगस्ट

बंदूक लागेल हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. वेन्डेलकडे त्याच्या वडलांची एक जादा आहे. ती खांद्याला लावली तर चापापर्यंत माझं बोट पोचेना. तो म्हणाला, तू सेमी ऑटोमॅटिक घे. चाप ओढला की रिकामं काडतूस आपोआप बाहेर, नवं आपोआप आत. धक्का कमी बसतो. एकसष्टाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याने खांदा जपावा.

माझं बजेट सहाशे डॉलर. इटालियन बंदुका दीड हजाराच्या पुढे. तेवढ्यात मी बदकं विकत आणून सोडून देईन.

सोमवार, १८ ऑगस्ट

दुकानात गेलो. काउंटरवर लांब वेणीची विशीतली मुलगी. मी मनात म्हटलं, हिला काय कळणार. पुढची पंचेचाळीस मिनिटं तिने माझा क्लास घेतला.

प्रकार दोन. एकात काडतुसाचाच थोडा गॅस वळवून यंत्र चालवतात — धक्का कमी, पण आत काजळी धरते, दर वेळी उघडून पुसायची. दुसऱ्यात धक्क्यावरच स्प्रिंग चालते — हलकी, स्वच्छ, पण सगळा धक्का खांद्याला. म्हणजे पहिला प्रकार त्रास आत साठवून घेतो आणि दुसरा बाहेर देतो. लग्नाआधी अशी माहिती मिळाली असती तर बरं झालं असतं. मी पहिल्या प्रकारातला, लता दुसऱ्या.

नळी बारा गेजची की वीस? बारात छर्रे जास्त, वीस हलकी. दुकानातल्या सगळ्या बंदुकांचे दस्ते सहा फुटी नॉर्वेजियनांच्या मापाचे. मी पाच फूट पाच. गाल टेकवायला मला जिराफाची मान लागेल. मुलगी म्हणाली, आखूड दस्त्याच्या येतात, पण त्यावर 'यूथ' लिहिलेलं असतं, चालेल का? गेल्या वर्षभरात मला कोणी यूथ म्हटलं नव्हतं. चालेल म्हटलं.

घरी येऊन स्प्रेडशीट केली. एकोणीस बंदुका, अकरा रकाने. चौतीस वर्षं पेसमेकरच्या बॅटऱ्या तपासल्या, सवय जात नाही. चार महिन्यांत पहिल्यांदाच जेवायचं विसरलो — म्हणजे भूक होती पण विसरलो. एरवी उलटं असतं.

बुधवार, २० ऑगस्ट

तुर्की बनावटीच्या तीन बंदुका बजेटात बसतात. रिव्ह्यू वाचून डोकं उठलं. एक जण म्हणतो अप्रतिम, दुसरा म्हणतो कचरा, आणि दोघांनी मिळून दहा गोळ्या झाडल्या असतील.

शेवटी आपल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. फर्नेस, डेंटिस्ट, बर्फ काढायचं मशीन — या घरात आलेली प्रत्येक वस्तू त्या ग्रुपला विचारून आलेली आहे. दोनशे चौदा माणसं. कोणीतरी शिकारीला जात असेलच.

पाच वाजता टाकलं. साडेनऊ झाले. सगळ्यांनी वाचलंय, उत्तर एकही नाही. विनीताने काहीतरी लिहून पुसलं. श्रीरंगने दोनदा लिहून पुसलं. हिंगाबद्दल विचारलं असतं तर साठ उत्तरं आली असती.

गुरुवार, २१ ऑगस्ट

सकाळी आठ वाजता श्रीरंग दारात. हातात इडल्यांचा डबा. श्रीरंग म्हणजे मंडळाचा अध्यक्ष, विनीताचा नवरा, गेली वीस वर्षं ओळख — पण न कळवता कधी आला नव्हता. "सहज आलो त्र्यंबकराव," म्हणाला आणि बारापर्यंत सहज बसला. तळघरात जाऊन आला. गराज बघून आला. जाताना स्वयंपाकघरातली मोठी सुरी घेऊन गेला, धार लावून आणतो म्हणे. मी सांगितलं नव्हतं.

बंदुकीचा विषय मी काढला तर त्याला ठसकाच लागला.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

आठ ते बारा श्रीरंग. बारा ते चार विनीता, मसालेभातासह. चार ते आठ, ज्यांचं नावही मला नीट आठवत नाही असं एक जोडपं, ढोकळ्यासह. एक माणूस गाडी सुरू करतो तेव्हा दुसरा गाडी लावत असतो. कारखान्यात पाळी बदलते तसं.

काहीतरी शिजतंय. पुढच्या बुधवारी गणपती. यंदा माझ्याकडे बसणार नाही, तर मोकळा आहे म्हणून यांना माझ्या गळ्यात पार्किंग कमिटी मारायची असणार. मी पार्किंगला हो म्हणणार नाही. मागच्या वर्षी देवांग पार्किंगला होता, त्याच्या पायावरून व्हॅन गेली.

विनीताने विचारलं, आयुष्यात अजून काय काय करायचं राहिलंय असं वाटतं? मी म्हटलं, तुम्ही गेल्यावर छपराचे पन्हाळे साफ करायचे आहेत. ती चटकन म्हणाली, शिडीवर चढू नका. डोळ्यांत पाणी. पन्हाळ्यांसाठी एवढं?

शनिवार, २३ ऑगस्ट

शोभाकाकू आल्या. वय एक्याऐंशी. सोफ्यावर बसून चार तास झोपल्या. आतापर्यंतची सगळ्यात चांगली पाळी.

रविवार, २४ ऑगस्ट

दुपारी माझी मुलगी केया आली. पार पश्चिम किनाऱ्यावरच्या बॉथेलहून, न सांगता, पाठीवर एकच बॅग. बाविसाव्या वर्षी तिकडे नोकरीला गेली ती आता तिशीला आली. सणालाही तीन आठवडे आधी कॅलेंडरवर टाकून येते. दारातच तिने मला घट्ट धरलं. मग खांदे चाचपले, जणू काही हरवलंय का ते बघतेय.

मी चहा टाकला. ती स्वयंपाकघरात उभी राहिली. केया माझ्याशी इंग्लिशमध्येच बोलते, लहानपणापासून. मी मराठीत विचारतो, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, आमचं उत्तम चालतं. आज तिने मराठीत विचारलं. विमानात पाठ केलं असावं, एकेक शब्द सुटा सुटा आला.

"बाबा, तुम्ही स्वतःला काही करणार होता का?"

मी हसलो. चूक झाली. तिचा चेहरा असा झाला की हसू तोंडातच राहिलं.

तिने फोन काढून माझाच मेसेज पुढे धरला. विनीतामावशीने तिला बुधवारीच फोन करून अर्थ सांगितला होता. तो मेसेज मी इथे जसाच्या तसा उतरवतो, शिक्षा म्हणून —

'नमस्कार. सेमी ऑटोमॅटिक शॉटगन घ्यायची आहे. पूर्वीचा अनुभव नाही. बहुधा एकदाच वापरली जाईल, त्यामुळे महाग नको. सोपी आणि खात्रीची हवी. सप्टेंबर संपायच्या आत. त्र्यंबक.'

बदक हा शब्द नाही! चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या सूचनापत्रकांतल्या चुका लाल पेनाने काढल्या. 'एकदाच' लिहिलं कारण वाटलं, आवडलं नाही तर पुन्हा कशाला जा.

मी तिला सांगितलं — बदकं. वेन्डेल. बोट.

"डक्स?" ती म्हणाली. "फॉर डक्स?"

खाली बसली आणि रडली. मग डोळे पुसले आणि पाच मिनिटांत तिला आठवलं की आपण व्हीगन आहोत. मग बदकांच्या बाजूने अर्धा तास भांडली. मी सगळं ऐकून घेतलं. घरात भांडणाचा आवाज बऱ्याच दिवसांनी आला.

पाळ्यांचं कोडंही तिने उलगडलं. गणपतीच्या नैवेद्याला कोण काय आणणार याची मंडळ जशी ऑनलाइन यादी करतं, तशीच विनीताने माझ्यासाठी केली होती. तोच तक्ता, वर मोदकाचं चित्र तसंच राहिलेलं. 'गुरुवार ८ ते १२ — श्रीरंग (इडली). शनिवार १२ ते ४ — शोभाकाकू (सोबत).' एकाला येणं जमत नव्हतं, त्याने नावापुढे लिहिलंय — 'पेपर प्लेट्स.' माझा जीव वाचवायला पेपर प्लेट्स!

झोपायच्या आधी केयाने पुन्हा विचारलं, या वेळी इंग्लिशमध्ये. ठीक आहे, बंदूक बदकांसाठी. पण कधी मनात आलं होतं का? एव्हर? ईव्हन वन्स?

नाही म्हणालो. तिच्या खोलीतलं पांघरूण काढून दिलं.

सोमवार, २५ ऑगस्ट

ग्रुपवर लिहिलं — 'बंदूक बदकांसाठी आहे. त्रासाबद्दल क्षमस्व.' दहा मिनिटांत सत्तर उत्तरं. एकाने चातुर्मासात हिंसा नको म्हटलं, दुसऱ्याने बदकाच्या रश्श्याची कृती टाकली, दोघांचं जुंपलं. आता सगळ्यांना बंदुकीतलं कळायला लागलंय. बाराच गेज घ्या. छे, वीसच. कोणीही कधी धरलेली नाही.

संध्याकाळी श्रीरंग सुरी परत द्यायला आला. खरंच धार लावून आणली होती! मी बस म्हटलं, तो बसला नाही. दारात चपला घालताना खाली बघूनच म्हणाला, "आम्ही घाबरलो हो, त्र्यंबकराव."

मी म्हटलं, इडल्या चांगल्या होत्या. याहून काही चांगलं म्हणता आलं असतं.

मंगळवार, २६ ऑगस्ट

केयाची अट — बंदूक या घरात राहणार नाही. मी म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही का? ती म्हणाली, आहे, तरीही. लताचं वाक्य. सूरही तोच.

राग आला. साठी उलटलेल्या माणसाला स्वतःच्या कपाटात काय ठेवायचं हे मुलगी सांगणार? दोन तास तिच्याशी बोललो नाही. तिने लॅपटॉपवर तिच्या मीटिंगा केल्या. मग मी विचारलं, मग कुठे ठेवू? ती कुंपणापाशी जाऊन वेन्डेलशी बोलली. दोन मिनिटं लागली. वेन्डेलने मान हलवली, बस्स. त्याच्याकडे लोखंडी कपाट आहे, किल्ली त्याच्या खिशात राहील. "येशील तेव्हा मिळेल," मला म्हणाला. कारण विचारलं नाही. एवढं सोपं असतं हे मंडळाला कोणीतरी शिकवायला हवं.

गुरुवार, २८ ऑगस्ट

घेतली! केयाला घेऊन गेलो. वेणीवाल्या मुलीने मला लक्षात ठेवलं होतं.

वीस गेज. गॅसवर चालणारी. तुर्की. तीन इंची काडतूस — साडेतीनच्या मागे लागू नका, मुलगी म्हणाली, तो विक्रीचा फंडा आहे. दस्ता तेरा इंच, म्हणजे यूथ. वर गवताचं चित्र. पाचशे साठ. बदकांना शिशाचे छर्रे चालत नाहीत, पाण्यात विष होतं, म्हणून पोलादी. आणि आत एक लाकडी दांडी घालून देतात, एका वेळी तीनपेक्षा जास्त काडतुसं मावू नयेत म्हणून. कायदा आहे. केयाला हे फार आवडलं. हा कायदा ज्याने लिहिला असेल, त्याने बदकांचा विचार केलाय म्हणाली.

फॉर्म भरायचा असतो, माहिती तपासतात. एक प्रश्न वेड्यांच्या इस्पितळात कधी भरती केलं होतं का असा. केया माझ्या पेनाकडे बघत होती. पार्किंग कमिटीत घातलं असतं तर नक्की भरती झालो असतो.

शनिवार, ३० ऑगस्ट

वेन्डेल आम्हाला मातीच्या तबकड्या उडवतात त्या मैदानावर घेऊन गेला. पंचवीस तबकड्या. मी तीन फोडल्या. मग केया म्हणाली, जस्ट टू सी. तिने अकरा फोडल्या. व्हीगन! कानावरचे मोठे मफ काढताना गाल लाल, केस विस्कटलेले, आणि ती वेन्डेलला विचारत होती की तबकडीच्या किती पुढे धरायचं. लताला कॅरममध्ये असंच व्हायचं, हरणाऱ्याची अजिबात दया नाही.

बंदूक दोनदा अडकली. हलकी काडतुसं तिला पचत नाहीत. स्प्रेडशीटमध्ये रकाना वाढवला.

रविवार, ३१ ऑगस्ट

केया गेली. एअरपोर्टवर म्हणाली, दर शनिवारी बोटीतून उतरल्यावर फोन करायचा. बदक मिळालं की नाही ते सांगायचं नाही. नुसता फोन.

मंगळवार, ९ सप्टेंबर

काही नाही. गॅसवाली उघडून पुसायला वेन्डेलकडे गेलो. तेलाचा वास चांगला येतो.

शनिवार, २७ सप्टेंबर

गेलो. आलो.

अंधारात निघालो. बोट लव्हाळ्यात. पाण्यावर प्लॅस्टिकची बदकं सोडली, त्यांना बघून खरी येतात म्हणे — ओळखीचे चेहरे दिसले की उतरतात, आपल्या मंडळासारखं. वेन्डेलची काळी लॅब्रॅडोर आमच्या मध्ये बसली. थर्मासमधली कॉफी. मग काही नाही. साडेचार तास काही नाही.

मला वाटलं होतं गप्प बसणं सोपं जाईल, आयुष्यभर तेच केलंय. पण ते वेगळं असतं. घरी मी गप्प असतो तेव्हा आत कोणीतरी बोलत असतं. तिथे त्यालाही गप्प बसावं लागतं, कारण आकाशाकडे बघायचं असतं. लता गेल्यापासून इतका वेळ मी वर बघितलं नव्हतं.

मग पाच आली, डावीकडून, खाली. तीन गोळ्या झाडल्या. तीनही हवेत. बंदूक मात्र एकदाही अडकली नाही. रिकामं काडतूस उडून वेन्डेलच्या कॉफीत पडलं. कुत्रीने माझ्याकडे जसं बघितलं तसं माझ्या सासूबाईंनंतर कोणी बघितलं नव्हतं. वेन्डेलने दोन पाडली. कॉफीतून काडतूस काढलं आणि उरलेली प्यायला.

बोटीच्या धक्क्यावर आल्यावर केयाला फोन केला. तिने काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. एक मिनिट दोघं फोन धरून होतो.

वेन्डेलने एक बदक मला दिलं. नवरात्र चालू आहे, ओळखीतल्या एकाही घरी देता येईना. फ्रीजरमध्ये टाकलं. गाडीतून उतरताना तो म्हणाला, पुढच्या शनिवारीही हीच वेळ. मी विचारलं, किती शनिवार असतात? तळं गोठेपर्यंत, म्हणाला. नोव्हेंबरच्या शेवटी गोठतं.

रविवार, २८ सप्टेंबर

खांदा दुखतोय. चांगला दुखतोय.

मंगळवार, ३० सप्टेंबर

एक गोष्ट या वहीत लिहिली नाही. लता गेली त्या सकाळी नर्स उरलेली औषधं मोजून नष्ट करायला बसली, तेव्हा एक बाटली सांडली असं मी तिला सांगितलं. सांडली नव्हती. माझ्या स्वेटरांखाली होती. कशासाठी, ते मला माहीत होतं. बंदूक खरोखर बदकांसाठीच होती.

सकाळी केयाला फोन करून सांगितलं की त्या रात्री 'नाही' म्हणालो ते खोटं होतं. ती खूप वेळ रडली. फोन ठेवला नाही, मीही नाही. डॉक्टरांची उद्याची वेळ घेतली आहे, तीही फोनवर असणार.

पोलीस स्टेशनच्या लॉबीत जुनी औषधं टाकायची पेटी आहे. ती बाटली तिथे नेऊन टाकली. घरी आलो. शनिवारसाठी लोकरीचे मोजे धुतले आणि वाळत घातले.